सासूबाई, दोन मुलं आणि हेर्तेचं खोरं

माद्रिदहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, मुख्य भाग तेवढा देते.

"सांगलीहून सासूबाई एप्रिलमध्ये आमच्याकडे येणार आहेत, जुलैच्या सुरुवातीपर्यंत राहतील. वय ६८. गुडघे दुखतात, पण घरात बसून राहायचा स्वभाव नाही. शाकाहारी आहेत, अंडंही चालत नाही. मुलगा १० वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची. नवरा कॉलेजपासून सह्याद्रीत भटकलेला. त्याला या वेळी सगळ्यांना घेऊन पश्चिम स्पेनमधल्या एक्स्त्रेमादुरा प्रांतातल्या हेर्ते खोऱ्यात जायचंय आणि तिथली राजा कार्लोसची वाट पूर्ण चालायचीय. 'मी सहाव्या वर्षी राजगड चढलो होतो' हे घरात रोज ऐकू येतं. मला मुलीची धास्ती वाटते. सासूबाई म्हणतात, तुम्ही जा, मी खोलीवर थांबते. म्हणजे मीच थांबेन त्यांच्याजवळ, मला सवय आहे. चेरीचा बहर बघायला ईस्टरच्या सुट्टीत जावं की शाळा संपल्यावर जूनमध्ये? मुलांना झेपेल असं तिथे काय आहे? आणि खायचं काय?"

ताई, आधी निर्णय सांगते, मग कारणं. जूनमध्ये जा. राजाची वाट या वेळी नको. चार रात्री एकाच गावात राहा, रोज मुक्काम हलवू नका. आणि "मीच थांबेन, मला सवय आहे" हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं, तेव्हा त्याच्याबद्दलही बोलणार आहे.

राजाच्या वाटेपासून सुरुवात करू, कारण घरातला वाद तिच्यावरून आहे. पाचवा कार्लोस, म्हणजे आपण शाळेत ज्याला चार्ल्स पाचवा म्हणून वाचलं तो सम्राट, राज्य सोडून युस्तेच्या मठात उरलेलं आयुष्य काढायला निघाला होता. १५५६ च्या नोव्हेंबरमध्ये तो तोर्नावाकास गावातून डोंगर ओलांडून पलीकडच्या ला वेरा भागात, हारांदियाला उतरला. तीच ही वाट. साधारण २६ ते २८ किलोमीटर, मधली खिंड १,४०० मीटरच्या वर, आणि चांगल्या चालणाऱ्यालाही जवळजवळ पूर्ण दिवस. शिवाय ती एका खोऱ्यात सुरू होऊन दुसऱ्या खोऱ्यात संपते, म्हणजे संध्याकाळी दमलेली मुलं घेऊन गाडीपर्यंत परत यायची सोय वेगळी करावी लागते. पाच वर्षांच्या मुलीला ही वाट नको. दहा वर्षांच्या मुलाला सवय असेल तर कदाचित, पण जूनच्या उन्हात त्यालाही नको.

तुमच्या पतींना एक गोष्ट जरूर सांगा. सम्राट स्वतः ही वाट चालला नव्हता. त्याला संधिवाताने इतकं ग्रासलं होतं की त्याला खुर्चीत बसवून माणसांनी खांद्यावरून पलीकडे नेलं. बरोबरच्या सगळ्यात अशक्त माणसाला कसं न्यायचं, हे ठरवूनच तो सगळा लवाजमा निघाला होता. तुमच्याही घरात तसंच ठरवा. राजगडाबद्दल मला पूर्ण आदर आहे, आणि सहाव्या वर्षी तो चढलेल्या माणसाला डोंगराचं वेड असणारच. पण त्या दिवशी त्यांच्या बरोबर कोण होतं, किती वेळा खांद्यावर घेतलं होतं, हे सासूबाईंना विचारा. त्यांना नक्की आठवत असेल. पूर्ण वाट त्यांनी ऑक्टोबरात मित्रांबरोबर चालावी. तेव्हा वरची ओक आणि चेस्टनटची रानं रंग बदलू लागतात आणि ऊन सौम्य असतं.

आता जून की ईस्टर. हेर्तेचा बहर प्रसिद्ध आहे आणि तो कीर्तीला साजेसाच आहे. डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आणि त्यांत लाखो चेरीची झाडं, सगळी एकदम पांढरी होतात. पण हा बहर मार्चच्या शेवटी येईल की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, ते थंडीवर ठरतं, सुट्टीच्या तारखा बघून तो येत नाही. एका झाडावर जेमतेम दहा-बारा दिवस टिकतो. आधी नदीकाठच्या बागा फुलतात, मग बहर वर वर सरकत जातो, म्हणून थोडं पुढेमागे झालं तरी उंचावरच्या पिओर्नालच्या बाजूला काहीतरी हाती लागतं. मात्र त्या शनिवार-रविवारी खोऱ्यातून जाणाऱ्या एकमेव मोठ्या रस्त्यावर, एन-११० वर, गाड्यांची रांग लागते. पाच वर्षांची मुलगी आणि दुखरे गुडघे घेऊन दोन तास गाडीत अडकून राहण्यात फुलांची मजा उरत नाही. सासूबाई आल्याआल्या बहर टिकून असेल आणि तुम्हाला मधल्या वारी एक दिवस काढता आला, तर सकाळी लवकर जाऊन संध्याकाळी परत या. माद्रिदपासून गाडीने सुमारे तीन तास लागतात. पण तो फक्त बघण्याचा दिवस धरा. राहायला जायचं ते जूनमध्येच.

का, ते सांगते. मुलांना डोंगरात नजारा दाखवून चालवता येत नाही. त्यांना चालायला पुढे काहीतरी लागतं, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे पाणी, ज्यात पाय घालता येतील असं. हेर्ते खोऱ्याचं वैशिष्ट्यच हे की दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून ओढे घळींतून खाली उड्या घेत येतात आणि नदीला मिळतात. तिथे अशा घळीला गारगांता म्हणतात. एप्रिलमध्ये या घळींत वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं, जोरात आणि अंग गोठवणारं. ते लांबून बघायचं. जूनच्या शेवटी तेच पाणी उतरलेलं असतं, गार असतं पण मुलं त्यातून बाहेर यायला तयार नसतात. वर चेरीचा हंगाम ऐन भरात. पिकोता नावाची तिथली खास चेरी जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत येते. ती देठाशिवाय तोडली जाते, देठ झाडावरच राहतो. गावातल्या दुकानांत, घरांच्या दारांत पेट्या मांडलेल्या असतात, किलोच्या हिशेबाने घ्या. रस्त्याकडेच्या झाडाची मात्र एकही तोडू देऊ नका, मुलगी कितीही रडली तरी. त्या छोट्या-छोट्या पायऱ्यांच्या शेतांत यंत्र चालत नाही, सगळी तोडणी हाताने होते, आणि कित्येक घरांचं वर्ष त्या दोन-तीन महिन्यांवर चालतं. सांगलीच्या आजी हे नातवंडांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं समजावतील, द्राक्षबागांच्या मुलखातल्या आहेत त्या.

मुलांसाठी मी एकच मोठी चाल सुचवेन. लोस पिलोनेस. काबेथुएला देल बाये आणि हेर्ते या दोन गावांच्या मधे, मोठ्या रस्त्याजवळच गारगांता दे लोस इन्फिएर्नोस या राखीव निसर्गक्षेत्राचं माहिती केंद्र आहे. सुमारे ७,००० हेक्टरचं हे क्षेत्र १९९४ पासून संरक्षित आहे. केंद्रापाशी गाडी लावायची, आत जाऊन नकाशा घ्यायचा, आज वाट उघडी आहे ना हे विचारायचं आणि निघायचं. एका बाजूने साधारण तीन किलोमीटर. मोठी माणसं सवा तासात पोचतात, तुम्ही दोन तास धरा. सुरुवातीचा भाग चढाचा आहे, पण ओक आणि चेस्टनटच्या सावलीतून जातो. वाटेत पलीकडच्या कड्यावरून कोसळणारा एक धबधबा दिसतो, तिथे पहिला मोठा थांबा घ्या. मग वाट घळीच्या कडेने आत शिरते आणि एकदम समोर उघडा, घासून गुळगुळीत झालेला ग्रॅनाइट येतो. त्याच्यात एकाखाली एक कोरलेले गोल, खोल खळगे आणि एकातून दुसऱ्यात घसरत जाणारं हिरवंगार पाणी.

पारनेर तालुक्यात कुकडीकाठी निघोजचे रांजणखळगे तुम्ही पाहिले असतील, निदान शाळेच्या भूगोलात त्यांचं चित्र तरी पाहिलं असेल. हे त्यांचेच भाऊबंद. तिथे बेसॉल्ट, इथे ग्रॅनाइट, पण कारागिरी तीच. पुराच्या पाण्यात सापडलेला दगड खोलगट जागी गोल गोल फिरत राहतो, खडक घासतो, स्वतः झिजून जातो, मग दुसरा दगड येतो. मुलाला हे आधी सांगून ठेवा. दहा वर्षांचं पोर कोरड्या खळग्याच्या तळाशी ते गोल गोटे शोधत तासभर रमतं. मुलीला सांगा की पाण्याच्या कडेला दगडावर सारखा वर-खाली डुलणारा, पांढऱ्या छातीचा तपकिरी पक्षी शोध. तो पाणबुड्या पक्षी वाहत्या ओढ्यात बुडी मारून तळाशी चालतो आणि किडे टिपतो. स्वच्छ, वेगाने वाहणाऱ्या पाण्याजवळच तो राहतो.

इथे थोडं कडक बोलते. तो गुळगुळीत ग्रॅनाइट ओला झाला की मोठ्यांचेही पाय घसरतात. मुलांच्या पायात पकड असलेले बूट हवेत आणि पाण्यात उतरायला मागे पट्टा असलेले, रबरी तळाचे सँडल. फोमच्या चपला अजिबात नकोत. वरच्या खळग्यांमधे पाणी किती खोल आहे ते वरून कळत नाही आणि भिंती इतक्या घासलेल्या की आत पडलेल्याला धरायला काही मिळत नाही. तरुण मुलं खडकावरून उड्या मारताना दिसतील, तुमच्या मुलाचे डोळे चमकतील. नाही म्हणजे नाही. उथळ, कडेला रुंद खडक असलेली जागा निवडा, आणि एक मोठं माणूस कोरडं, बूट घालून, फक्त मुलांकडे लक्ष ठेवून बसलेलं असलंच पाहिजे, फोटो काढायलासुद्धा त्याने उठायचं नाही. डोंगरमाथ्यावर काळे ढग दिसले किंवा गडगडाट ऐकू आला की लगेच पाण्याबाहेर. उन्हाळी वळिवाने घळीतलं पाणी फार थोड्या वेळात चढतं. ओढ्याचं पाणी पिऊ नका, वर गुरं आणि बकऱ्या चरतात. माणशी दीड लिटर घेऊन निघा. परत आल्यावर मुलांच्या गुडघ्यांमागे, काखेत, केसांत गोचिडी बघा, गवतातून चालल्यावर हे रोजचंच काम समजा.

वेळेचं म्हणाल तर सकाळी आठला चालायला लागा. दहापर्यंत पाण्यापाशी, साडेबाराला परतीची वाट. त्यानंतर ऊन वाढतं आणि गर्दीही. शनिवार-रविवार शक्यतो टाळा, शाळा संपलेली आहे, तुम्हाला सोमवार-मंगळवार मोकळे आहेत. मुलीच्या चालण्याबद्दल तुमची धास्ती मला समजते, पण पाच वर्षांची मुलं सहा किलोमीटर आरामात चालतात, घाई करणारं कोणी नसेल तर. तिला पुढे ठेवा. सगळ्यात पुढे चालणारं मूल दमत नाही, मागे राहिलेलं दमतं. "झालंच, अजून पाच मिनिटं" असं खोटं कधी सांगू नका, दुसऱ्यांदा ती ऐकणार नाही. "त्या वळणापर्यंत, मग शेंगदाण्याचा लाडू" हे खरं सांगा. बाबागाडी या वाटेवर चालत नाही, ती माद्रिदलाच ठेवा.

आता त्या वाक्याकडे येते. तुम्ही लिहिलंत की सासूबाई खोलीवर थांबल्या तर तुम्ही थांबणार, कारण सवय आहे. ताई, ही सवय तुम्हाला कोणी लावली, ते मी विचारत नाही. पण या सहलीत पिलोनेसला मुलांना घेऊन तुम्ही जा, आणि तुमच्या पतींनी त्या सकाळी आपल्या आईजवळ थांबावं. चार दिवसांत एक सकाळ. दुसऱ्या एका सकाळी त्यांनी मुलाला घेऊन नावाकोन्थेहो गावातून निघणारी नोगालेदास घळीची वाट करावी. पाचेक किलोमीटरची, चांगल्या चढाची, एकामागून एक धबधबे आणि ओढा ओलांडणारे लाकडी पूल असलेली. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला ती नक्की आवडेल, आणि बाप-लेकाला ती एकट्याने मिळेल. त्या दिवशी तुम्ही, मुलगी आणि आजी नदीवर. म्हणजे कोणीच सगळे दिवस मागे राहत नाही. हे तुम्ही त्यांना सरळ सांगा, निघायच्या आदल्या रात्री नाही, आत्ताच, बुकिंग करताना. बरेच नवरे या गोष्टीला नाही म्हणत नाहीत, त्यांना ती सुचलेली नसते एवढंच. आणि एवढ्या महिन्यांनी भेटलेल्या मुलाबरोबर नदीकाठी एक सकाळ मिळाली तर सासूबाईंना ती कोणत्याही धबधब्यापेक्षा जास्त आवडेल, असं मला मनापासून वाटतं.

पण त्यांनी "खोलीवर थांबते" म्हणणं ऐकून घेऊ नका. त्यांच्या पिढीतल्या बायका आपल्यामुळे कोणाचा खोळंबा नको म्हणून असं म्हणतात. हे खोरं त्यांच्यासाठीही भरपूर आहे, फक्त दिवस त्यांच्या गुडघ्यांना विचारून आखायला हवा. पहिला पूर्ण दिवस सगळ्यांचा एकत्र ठेवा आणि तो गाडीचा दिवस असू द्या. सकाळी वाल्दास्तियास गावाजवळचा काओथो धबधबा. गाडी शक्य तितकी जवळ लावून थोडंच चालावं लागतं आणि समोर उभं राहून बघायची जागा केलेली आहे. सासूबाईंना एक काठी द्या, उतारावर गुडघ्यांचा थोडा भार तिच्यावर जातो, आणि अधेमधे टेकू द्या. तिथून रस्ता वर वर पिओर्नालला चढतो. हे एक्स्त्रेमादुरातलं सगळ्यात उंचावरचं गाव, १,१७५ मीटरवर, जूनमध्येही हवा हलकी. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर खोऱ्याच्या दुसऱ्या अंगाला एल तोर्नो गावाजवळच्या मिरादोर दे ला मेमोरिया या खोरं बघायच्या जागी जा. रस्त्यालगतच आहे. तिथे माणसांचे चार पुतळे खोऱ्याकडे तोंड करून उभे आहेत, स्पेनच्या यादवी युद्धात आणि नंतरच्या फ्रँकोच्या हुकूमशाहीत बळी पडलेल्या, विसरल्या गेलेल्या लोकांच्या स्मरणार्थ. २००९ मध्ये ते उभारले आणि थोड्याच दिवसांत कोणीतरी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. शिल्पकाराने गोळ्यांच्या खुणा बुजवल्या नाहीत. मुलगा विचारेल. दहाव्या वर्षी हे सांगण्यासारखं आहे, सांगा. आजींनाही सांगा, त्यांच्या आठवणीत आणीबाणीचे दिवस असतील, त्यांच्याकडे यावर बोलण्यासारखं असेल.

एका दिवशी तोर्नावाकासच्या खिंडीत, १,२७५ मीटरवर, गाडीनेच जा. तिथून अख्खं खोरं पायाशी पसरलेलं दिसतं, एकही पायरी न चढता. बाकी दुपारचं पाणी गावातच आहे. खोऱ्यातल्या बऱ्याच गावांत नदीला बांध घालून पोहायच्या जागा केलेल्या आहेत, झाडांची सावली असलेल्या. सासूबाईंसाठी घडीची एक खुर्ची गाडीत टाका. पाय पाण्यात सोडून बसल्या की गुडघ्यांनाही बरं वाटेल. जूनच्या शेवटी तिथे रात्री दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, म्हणून दुपारी दोन ते पाच सगळ्यांनी घरात झोपायचं आणि मग बाहेर पडायचं, स्पॅनिश गावं करतात तसं. दुपारी दोननंतर उघड्या वाटेवर चालणं मुलांना आणि वयस्कांना दोघांनाही धोक्याचं आहे.

आणि युस्तेचा मठ? तुमच्या पतींना राजाची गोष्ट एवढी प्रिय आहे तर परतीच्या दिवशी माद्रिदला जाताना ला वेरातून जा आणि तो बघा. सम्राटाचं शयनगृह चर्चला लागून असं बांधलं होतं की बिछान्यातून वेदी दिसावी आणि प्रार्थना ऐकता यावी. तिथेच २१ सप्टेंबर १५५८ रोजी तो वारला. सासूबाईंना ही खोली आवडेल. वाटेत ला वेराचा पिमेन्तोन घ्या. लाल मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर दोन आठवडे वाळवून केलेली ही तिखटाची पूड. गोड, मधली आणि तिखट असे तीन प्रकार मिळतात, 'पिकान्ते' लिहिलेला डबा तिखट. सांगलीला परत जाताना शेजारणींना द्यायला यापेक्षा चांगलं काही नाही.

खाण्याबद्दल खरं सांगते, बाहेर शाकाहारी जेवण मिळवायला तिथे कष्ट पडतात. डुकराचं मांस त्या भागात मसाल्यासारखं वापरतात. मिगास म्हणजे परतलेल्या पावाचा चुरा, त्यात चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज असतं. रेबोल्कोनास म्हणजे पिमेन्तोन घालून कुस्करलेले बटाटे, चवीला आपल्याला फार जवळचे, पण वर डुकराच्या तळलेल्या चरबीचे तुकडे येतात. सुपाच्या पाण्यात हाड उकळलेलं असतं. नुसतं 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हणून भागत नाही, कारण हॅम आणि ट्यूना यांना कित्येकजण मांसात धरत नाहीत. पूर्ण सांगा: "नी कार्ने, नी हामोन, नी पेस्कादो, नी उएवो", म्हणजे मांस, हॅम, मासे, अंडं काहीच नको. सासूबाईंसाठी बाहेर बिनधास्त मागवण्यासारखं म्हणजे थोरोंगोयो, भाजलेल्या लाल मिरच्यांची लसूण-ऑलिव्ह तेलातली कोशिंबीर, त्यावर अंडं नको हे आधी सांगून. शिवाय पाव आणि टोमॅटो, उन्हाळ्यात गास्पाचो, म्हणजे टोमॅटोचं गार सूप. चीज चालत असेल तर विचारून घ्या, एक्स्त्रेमादुरातलं प्रसिद्ध तोर्ता देल कासार रानटी काट्याच्या फुलांनी विरजतात, प्राण्याच्या पोटातून काढलेल्या रेनेट या विरजणाने नाही, म्हणून ते त्यांना चालेल. जेवणाची वेळ दुपारी दोन ते चार, रात्री नऊनंतर. मधे स्वयंपाकघर बंद असतं आणि भुकेलं मूल त्याला अपवाद ठरत नाही. म्हणून स्वयंपाकघर असलेलं घरच घ्या. एक कुकर, डाळ-तांदूळ, गोडा मसाला बरोबर न्या. चालायच्या दिवशी धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, केळी, आणि खोऱ्यातल्या चेरी.

निघायच्या आठवड्यात एक काम विसरू नका. उन्हाळ्यात या भागाला वणव्यांचा धोका असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या हारिया गावाजवळ लागलेला वणवा हेर्तेच्या बाजूच्या डोंगरांपर्यंत आला आणि हजारो हेक्टर रान जळलं. धोका जास्त असेल तेव्हा वाटा बंद करतात. माहिती केंद्राला आदल्या दिवशी फोन करा, आणि वाट बंद असेल तर वाद न घालता नदीवर जा. संकटात ११२ ला फोन करा. घळींत मोबाइलला रेंज जाते, म्हणून किती वाजता परत येणार ते खाली थांबलेल्यांना नेमकं सांगून निघा.

घर ठरवताना काबेथुएला देल बाये बघा. मधोमध असलेलं गाव आहे, पिलोनेस एका बाजूला आणि नावाकोन्थेहो दुसऱ्या बाजूला, दोन्ही गाडीने काही मिनिटांवर. जुनी लाकडी सज्जांची घरं, अरुंद गल्ल्या, किराणा आणि बेकरी चालत जाण्याच्या अंतरावर, आणि नदी गावातूनच वाहते. पण त्या जुन्या घरांचे जिने फार उभे असतात आणि झोपायच्या खोल्या बहुतेक वरच. फोटोंत ते कळत नाही. पैसे भरण्याआधी घरमालकाला विचारा की तळमजल्यावर झोपायची खोली आणि न्हाणीघर आहे का, आणि दारापर्यंत गाडी येते का. दोन्हींना 'हो' असेल तरच घ्या. चेरीच्या हंगामात घरं लवकर भरतात, तेव्हा सासूबाई यायची वाट न बघता मार्चमध्येच ठरवून टाका.